पुरसभेची जागा कमी दरात विकली जात असेल तर फाइल कशी वाचावी आणि विक्री कुठे अडवावी

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पुरसभेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, बाजारपेठेला लागून असलेली चार गुंठे मोकळी जागा विकण्याचा ठराव केला. लिलावात चौरस फुटाला ९०० रुपयांच्या आसपास दर आला. आजूबाजूला तिप्पट भाव चालतो, असे नागरिकांचे म्हणणे. लिलाव रीतसर झाला, असे सत्ताधाऱ्यांचे म्हणणे. खरेदीदस्त अजून झालेला नाही. हे थांबवता येईल का?

येईल. मात्र ‘भाव कमी लावला’ एवढ्याच तक्रारीवर ते थांबत नाही. भावाबद्दल दोन माणसांची दोन मते असतात आणि त्यांतले एक निवडायला अधिकारीही तयार नसतो, न्यायालयही नसते. भाव कुणी ठरवला, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावरून आणि त्या साखळीतली कोणती कडी फाइलमध्ये नाही, हे दाखवले की गाडी पुढे सरकते. दुसरी गोष्ट वेळेची. दस्त नोंदला जाण्यापूर्वीचा एक आठवडा नंतरच्या दोन वर्षांपेक्षा मोलाचा असतो. खरेदीदाराचे नाव उताऱ्यावर चढले आणि त्याने बँकेकडून कर्ज उचलले की प्रश्न पुरसभेचा राहत नाही. त्यात तिसरा माणूस आणि बँक येते.

सीमाभागात पहिली चूक कायदा निवडताना होते. कोल्हापूरकडची वर्तमानपत्रे आपण रोज वाचतो, त्यामुळे निवेदनात महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ चे कलम ९२ आणि ‘रेडी रेकनर’ हे शब्द सहज उतरतात. इथे त्यांतले काहीही लागू नाही आणि असे निवेदन पहिल्या टेबलावरच हलके होते. निपाणी, गोकाकसारख्या नगरसभा, चिक्कोडी, संकेश्वरसारख्या पुरसभा आणि पट्टण पंचायती यांना कर्नाटक नगरपालिका अधिनियम १९६४ लागतो. बेळगाव महापालिकेला कर्नाटक महानगरपालिका अधिनियम १९७६, ग्रामपंचायतीला कर्नाटक ग्राम स्वराज व पंचायत राज अधिनियम १९९३ आणि बुडाला (बेळगाव नगर विकास प्राधिकरणाला) नगर विकास प्राधिकरणांचा १९८७ चा कायदा. बेळगाव कॅम्पातली जमीन संरक्षण खात्याची. तिचा कारभार २००६ च्या केंद्रीय कॅन्टोन्मेंट कायद्याखाली आणि जनरल लँड रजिस्टरवर चालतो, त्यामुळे पुढचे बरेचसे तिला लागू पडत नाही.

तुमच्या प्रश्नात पुरसभा आहे, म्हणजे १९६४ चा कायदा. त्यातली दोन कलमे निवेदनात असायलाच हवीत. कलम ७२ नगरपालिकेला मालमत्ता भाड्याने देण्याचा वा विकण्याचा अधिकार देते आणि त्याच वेळी त्याला लगामही घालते: स्थावर मालमत्ता विकायला सरकारची पूर्वमंजुरी लागते. सभागृहाचा ठराव म्हणजे विक्री नव्हे, विक्रीचा प्रस्ताव. दुसरे कलम ३०६. ठराव बेकायदा असेल किंवा त्याच्या अंमलबजावणीने लोकांना अपाय होण्याची शक्यता असेल, तर त्याची अंमलबजावणी लेखी आदेशाने स्थगित करण्याचा अधिकार या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. महापालिकेच्या बाबतीत मालमत्ता विल्हेवाटीचे कलम १७६ पाहावे. ग्रामपंचायतीचा बेकायदा ठराव स्थगित करण्याची तरतूद १९९३ च्या कायद्यात कलम २३७ मध्ये आहे.

अनेक निवेदनांत १९९९ च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याचा, म्हणजे केटीपीपीचा हवाला दिसतो. तो वगळा. तो कायदा सरकारी संस्थांनी माल, सेवा आणि कामे घेण्याबद्दल आहे, जागा विकण्याबद्दल नाही. चुकीचा कायदा लावला की उत्तर देणाऱ्याचे काम सोपे होते. ‘सदर कायदा लागू नाही’ एवढे लिहून तो तक्रार निकाली काढतो आणि मूळ मुद्दा तसाच राहतो.

जागा विकण्याजोगी आहे का

भावाकडे वळण्याआधी हा प्रश्न सोडवा. जागाच विकता येत नसेल तर भाव किती होता याला अर्थ उरत नाही आणि तुमची बाजू फार बळकट होते.

पुरसभेच्या ताब्यातली प्रत्येक जागा तिच्या मालकीची नसते. काही जागा तिने स्वतः खरेदी केलेल्या वा संपादित केलेल्या असतात. त्या कायदेशीर रीतीने विकता येतात. काही सरकारी जमिनी ठराविक कामासाठी तिच्याकडे सोपवलेल्या असतात, तिथे ती फक्त राखणदार. लेआउट मंजूर करताना बागेसाठी, रस्त्यासाठी, नागरी सुविधांसाठी सोडलेल्या जागा वेगळ्याच. बागा आणि मैदानांना १९८५ चा कर्नाटकाचा उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा संरक्षण कायदा लागतो. बेंगळुरूत बागेसाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला दिला गेला, तेव्हा १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठेवले. शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. ‘तुमचा काय संबंध’ असे कुणी विचारले तर हा निकाल पुढे करावा. १९९९ चा एम. आय. बिल्डर्सचा निकाल त्याहून कडक आहे. लखनौ महापालिकेने बागेखाली बाजार बांधायला बिल्डरला निविदेशिवाय जागा दिली होती. बांधकाम बरेच झालेले असूनही न्यायालयाने ते काढून बाग पूर्ववत करायला लावली.

आपल्याकडे आणखी एक प्रकार हमखास सापडतो तो दानाच्या जागांचा. धर्मशाळा, वाचनालय, तालीम, पाणपोई यांसाठी जुन्या व्यापाऱ्यांनी किंवा वतनदारांनी दिलेली जागा आणि दानपत्रात लिहिलेली अट. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्या काळातली दप्तरे, ठरावांची बुके आणि मालमत्ता नोंदवह्या मराठीत असतात, त्याहून जुनी काही मोडीत. आजच्या कर्मचाऱ्यांना ती वाचता येत नसल्याने ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. नोंदवही कपाटात असते, तिचा उलगडा झालेला नसतो. मोडी वाचक बरोबर घेऊन दप्तर प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करावी. दानपत्रात ‘अमुक कामासाठीच’ अशी एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

मालकी तपासायला चार कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतात: सिटी सर्व्हेचा प्रॉपर्टी कार्ड उतारा, पुरसभेच्या मालमत्ता नोंदवहीतली नोंद, ई-आस्ती या मालमत्ता नोंदींच्या सरकारी प्रणालीवरचे खाते आणि नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढलेली ई.सी. (बोजा दाखला). बोजा वा व्यवहार असेल तर ई.सी. फॉर्म १५ मध्ये येते, नसेल तर फॉर्म १६ मध्ये. आर.एस. (रेव्हेन्यू सर्व्हे) नंबर आणि सी.टी.एस. (सिटी सर्व्हे) नंबर दोन्ही टाकून शोध घ्या. एकाच नंबरावर शोधले तर निम्मे व्यवहार दिसत नाहीत. क्षेत्रही ताडून पाहा. ठरावात चार गुंठे, कार्डावर पाच आणि मागच्या बाजूचा एक गुंठा ‘अतिक्रमित’ म्हणून सोडलेला, असा फरक निघाला तर तो गुंठा पुढे कुणाच्या कुंपणात जातो ते पाहायला जागेवर जा.

भाव खरोखर किती कमी आहे

नागरिकांची बाजू सर्वांत जास्त इथे ढिली पडते, म्हणून हिशोब मांडून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पद्धत खरी आहे.

चार गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट. पुरसभेचा दर ९०० रुपये, म्हणजे किंमत ३९,२०,४०० रुपये. समजा नोंदणी खात्याची गायडन्स व्हॅल्यू (मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर) त्या रस्त्याला १,६०० रुपये आहे. तिने किंमत होते ६९,६९,६०० रुपये. आणि रस्त्यालगतच्या लहान भूखंडांचा खरा भाव २,८०० रुपये. तो सरसकट लावला की १,२१,९६,८०० रुपये होतात आणि निवेदनात ‘सव्वा कोटीची जागा चाळीस लाखांत’ असे लिहिले जाते.

आता त्या जागेचा आकार पाहा. रस्त्याला तोंड ३३ फूट आणि खोली १३२ फूट असेल, तर मागच्या फुटाला पुढच्या फुटाचा भाव कुणी देणार नाही. मूल्यमापक अशा जागेचे पट्टे पाडतात: पुढच्या पट्ट्याला पूर्ण दर, मधल्याला दोन तृतीयांश, मागच्याला निम्मा. ४४ फूट खोलीचे तीन सारखे पट्टे धरले तर प्रत्येकी १,४५२ चौरस फूट. पहिल्याचे ४०,६५,६००, दुसऱ्याचे २७,१०,४००, तिसऱ्याचे २०,३२,८००. बेरीज ८८,०८,८०० रुपये. म्हणजे जागा सव्वा कोटीची नाही, अठ्ठ्याऐंशी लाखांची आहे आणि ती तिच्या निम्म्याहूनही कमी किमतीत चालली आहे. हा आकडा लिहा. समोरचा वकील सव्वा कोटीचा आकडा पाच मिनिटांत पाडेल आणि त्याबरोबर तुमची विश्वासार्हताही जाईल. ८८ लाखांचा आकडा त्याला पाडता येत नाही, कारण त्याच्या सोयीची वजावट तुम्ही आधीच दिलेली असते.

गायडन्स व्हॅल्यूबद्दल सावध राहा. ती मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेली असते आणि न्यायालये तिला बाजारभावाचा अखेरचा पुरावा मानत नाहीत. तिचा खरा उपयोग उलट बाजूने आहे. सरकारने स्वतः ठरवलेल्या किमान दराच्याही खाली सरकारचीच संस्था का विकते, याचे कारण फाइलमध्ये लेखी असायला हवे. ते नसेल तर तो तुमचा पहिला मुद्दा. कर्नाटकात १ ऑक्टोबर २०२३ पासून नवे दर लागू झाले. मूल्यांकन त्यापूर्वीचे आणि लिलाव नंतरचा असेल, तर जुन्याच दरावर सरकारी बोली (लिलावाचा किमान दर) ठरवली गेली का, हे तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की दिसते. जागा शेतसऱ्याच्या नोंदीत राहिलेली असेल तर एकराचा दर लावलेला सापडतो. प्रत्यक्षात ती बाजारपेठेत असते. हा फरक काही पटींचा होतो.

खऱ्या भावाचा पुरावा कुठून आणायचा? शेजारचे खरेदीदस्त काढले तर निराशाच होते, कारण बहुतेक दस्त गायडन्स व्हॅल्यूच्या आसपासच लिहिलेले असतात. तरी दोन-चार काढा. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नक्कल कुणालाही मागता येते. त्याहून भक्कम पुरावा उघड्या स्पर्धेतून आलेल्या किमतींचा. थकीत कर्जापोटी बँकांनी केलेले लिलाव, न्यायालयाच्या हुकूमनाम्यातले लिलाव, नगर विकास प्राधिकरणाने कोपऱ्याच्या भूखंडांचे केलेले लिलाव. तिसरा स्रोत भूसंपादनाचे निवाडे. निपाणी, संकेश्वर, बेळगाव हा पट्टा पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर असल्याने इथे निवाड्यांची वानवा नाही. मात्र निवाड्यातली शेवटची रक्कम उचलू नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मूळ बाजारमूल्याला गुणक लागतो आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. तुलनेसाठी फक्त मूळ दर घ्यावा. व्यवहार शक्यतो ठरावाच्या आधीच्या एक-दोन वर्षांतले, त्याच रस्त्यावरचे किंवा तशाच रुंदीच्या रस्त्यावरचे निवडा.

एवढे झाल्यावर नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल घ्या. त्याचे शुल्क हा या प्रकरणातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च.

कमी भावाला रास्त कारणही असू शकते, तेही तपासून पाहावे. जागेत तीस-चाळीस वर्षांचा भाडेकरू बसलेला असेल, कोर्टात दावा चालू असेल, किंवा ती चार फुटांची पट्टी शेजाऱ्याशिवाय कुणाच्याच उपयोगाची नसेल, तर उघड्या बाजारातला भाव येणार नाही. शाळा, दवाखाना, वाचनालय यांना सवलतीत जागा देणेही गैर नाही. तिथे सवलत किती, अट काय आणि वापर बदलला तर जागा परत येते का, हे दस्तात बघायचे. अशा प्रकरणात विनाकारण आरोप झाले की खऱ्या गैरव्यवहाराच्या वेळी लोक ऐकायचे थांबतात.

इमारतीसह विक्री असेल तर एक फसवी पद्धत ओळखून ठेवा. बांधकाम खात्याचा अभियंता जुन्या इमारतीचे घसारा वजा मूल्य काढतो, समजा सहा लाख, आणि तोच आकडा पुढे सगळ्या मालमत्तेची किंमत म्हणून सरकतो. जमिनीची किंमत कुणी मिळवतच नाही. प्रत्येक जण आपल्या पानापुरता बरोबर असतो, चूक दोन पानांच्या मधल्या जागेत असते. ‘भाडेपट्टा’ हे नाव वाचूनही निर्धास्त होऊ नका. तीस वर्षांचा पट्टा, नाममात्र भाडे आणि नूतनीकरणाचा हक्क भाडेकरूकडे असेल, तर व्यवहारात ती विक्रीच.

लिलावाची फाइल

रीतसर लिलाव कागदावर दिसतो आणि बनावट लिलावही कागदावरच दिसतो. अनामत रकमेचे डिमांड ड्राफ्ट पाहा. तीन बोलीदार, तिघांचे ड्राफ्ट एकाच बँकेच्या एकाच शाखेचे, एकाच तारखेचे आणि नंबर ओळीने एकापाठोपाठचे, असे आढळले तर तिघांच्या पैशाची पिशवी एकच होती असे समजायला जागा आहे. मग बोलीपत्रक. सरकारी बोली ९००, पहिली बोली ९०१, दुसरी ९०२, तिसरी ९०३ आणि लिलाव संपला. खरी स्पर्धा अशी रुपया-रुपयाने चढून तीन आकड्यांत थांबत नाही. सह्या, पत्ते आणि आडनावेही ताडून पाहा. बोली एकाची आणि दस्त दुसऱ्याच्या नावाने करण्याची विनंती फाइलमध्ये असेल, तर तो कागद वेगळा काढून ठेवा.

जाहिरात कुठे आली हेही बघायचे. ‘हराजु प्रकटणे’ (लिलावाची जाहीर सूचना) या मथळ्याखाली तालुक्यात पाच-पन्नास प्रती येणाऱ्या एखाद्या पत्रात ती छापलेली असते आणि लिलाव चार दिवसांवर. त्या अंकाची मूळ प्रत, छपाईचे बिल आणि पुरसभेच्या सूचनाफलकावर नोटीस लावल्याचा पंचनामा, तिन्ही मागा. नगरपालिकांसाठी १९६६ चे नियम आहेत, त्यांत अशा व्यवहारांची रीत घालून दिलेली आहे. वकिलाकडून ती जाहिरातीच्या तारखांशी पडताळून घ्या.

नंतर सभेचे कागद. विषयपत्रिकेत विक्रीचा विषय होता की ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी’ आला? सभा नडवळीत (इतिवृत्तात) चर्चा किती ओळींची आहे? मुख्याधिकाऱ्यांनी विरोधी टिप्पणी लिहिली आहे का? खरेदीदार कुणा सदस्याचा नातेवाईक वा भागीदार असेल तर तो सदस्य मतदानाला बसला होता का? पैसे भरण्याच्या मुदतीही बघा. अटीत ठरलेली मुदत संपल्यावर मुख्याधिकाऱ्यांनी परस्पर वाढवून दिली असेल, तर लिलावाच्या अटीच मोडल्या. कारण त्या अटी वाचून ज्यांनी बोलीच लावली नाही, त्यांना ही सूट माहीत नव्हती.

कागद मिळवणे

माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत देऊ नका. २००५ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. आपल्या इथे ती कन्नड. मराठी अर्ज परत आला की तक्रारीला तांत्रिक उत्तर मिळालेले असते आणि महिना वाया जातो. कन्नडमध्ये द्यावा हे उत्तम. कर्नाटकाच्या नियमात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो, शुल्क १० रुपये. म्हणून ठराव व टिप्पण्यांचा एक, मूल्यांकनाचा दुसरा, जाहिरात आणि अनामतीचा तिसरा असे वेगळे अर्ज करा आणि प्रत्येकात नकलेबरोबर फाइल प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी ठेवा. नकला निवडून दिल्या जातात, फाइल पाहताना पान क्रमांक तुटलेले दिसतात.

उत्तराला ३० दिवस, पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. एवढ्या वेळात दस्त होऊन जाईल. त्यामुळे याच्या जोडीला ठरावाची दृढीकृत (प्रमाणित) नक्कल नक्कल-शुल्क भरून त्याच आठवड्यात मागा. विरोधी बाकावरचा एखादा सदस्य तयार असेल तर त्याने सदस्य या नात्याने कागद मागणे सगळ्यांत जलद. आधीच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवालही मागवा. पुरसभेच्या जागांबद्दलचे आक्षेप त्यांत बरेचदा लिहिलेले असतात आणि ते कुणी वाचलेले नसतात.

कुठे अडवायचे

मंजुरी आलेली नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०६ खाली अर्ज, प्रत जिल्हा नगराभिवृद्धी कोशाला (जिल्ह्याच्या नगरविकास कक्षाला) आणि बेंगळुरूच्या पौराडळित (नगरपालिका प्रशासन) संचालनालयाला. अर्ज दोन पानांचा असावा: जागेचे वर्णन, ठरावाचा क्रमांक व तारीख, नियमभंगाचे तीन-चार मुद्दे, मूल्यमापकाचा अहवाल आणि मागणी एकच, अंमलबजावणी स्थगित करा. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका.

त्याबरोबर जास्त भाव देणाऱ्या माणसाची लेखी तयारी जोडता आली तर दहा निवेदनांपेक्षा ती जास्त बोलते. ‘मी ७० लाख द्यायला तयार आहे, फेरलिलावात तेवढी बोली लावीन’ असे प्रतिज्ञापत्र आणि सोबत अनामतीचा ड्राफ्ट. खासगी मालक आपली वस्तू वाटेल त्या किमतीला विकू शकतो, सरकारला ती मोकळीक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये राम अँड श्याम कंपनीच्या निकालात सांगितले आहे. त्या तत्त्वाला ही लेखी तयारी आधार पुरवते. पण लिलाव रीतसर होऊन कायम झाल्यावर केवळ नंतर कुणी जास्त देतो म्हणून तो मोडता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने २००८ च्या वालजी खिमजी प्रकरणात सांगितले आहे. म्हणून जास्त भावाची तयारी आणि प्रक्रियेतला दोष हे दोन्ही एकत्र मांडावे लागतात.

मंजुरी आली असेल किंवा जिल्हाधिकारी हालचाल करत नसतील, तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट. बेळगाव जिल्हा त्याच खंडपीठाखाली येतो. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जाची पोच रिटला जोडलेली हवी, नाहीतर ‘आधी तिकडे जा’ असे सांगून परत पाठवतात.

सब-रजिस्ट्रारकडे हरकत अर्ज देण्यात लोक फार वेळ घालवतात. नागरिकाच्या हरकतीवर दस्त अडवण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यांना थांबवतो तो न्यायालयाचा आदेश. शिवाय आता कर्नाटकात जिल्ह्यातल्या कोणत्याही सब-रजिस्ट्रार कचेरीत दस्त नोंदता येतो. चिक्कोडीत आदेश पोचवला आणि दस्त गोकाकात झाला, असे होऊ शकते. स्थगितीची प्रत त्याच दिवशी जिल्हा निबंधकांकडे द्यावी.

दस्त झालाच असेल तर वाट लांबते, बंद होत नाही. रिटमध्ये ठराव, मंजुरी आणि दस्त तिन्हींना आव्हान द्यावे लागते. प्रकरण दाखल असताना जागा पुढे विकली गेली तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नवा खरेदीदारही निकालाला बांधलेला राहतो, म्हणून उशीर न करणे इथेही महत्त्वाचे.

लोकायुक्तांकडची तक्रार अधिकाऱ्यांच्या जबाबदारीसाठी असते. ती फॉर्म १ मध्ये, सोबत फॉर्म २ मधले शपथपत्र. तिने विक्री थांबत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला दुरुस्ती झाली, हेही ध्यानात ठेवा. त्यापूर्वी सार्वजनिक हित नसताना तिसऱ्याला आर्थिक फायदा करून देणे एवढ्यावर गुन्हा उभा राहत असे. ते उपकलम गेले, आता अधिकाऱ्याने गैरलाभ घेतल्याचे वा मागितल्याचे दाखवावे लागते आणि चौकशीपूर्वी कलम १७-अ ची परवानगी लागते. नुसता कमी भाव म्हणजे लाच, असे धरून चालू नका.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हे प्रकरण मराठी-कन्नड वादात जाऊ देऊ नका. पुरसभेची जागा दोन्ही भाषांच्या लोकांची आहे आणि वाद भाषेचा झाला की फाइलमधल्या ड्राफ्टचे नंबर कुणी बघत नाही. अर्जदारांत दोन्ही भाषांचे नागरिक असावेत, सह्या दोन्हींच्या असाव्यात. मराठी सभेत जे बोलता तेच कन्नड अर्जात लिहिलेले असावे.

रिटमधल्या मागण्या वकिलाला नेमक्या लिहायला सांगा: ठराव आणि मंजुरी रद्द करणे, दस्त नोंदणीला अंतरिम स्थगिती, नवे मूल्यांकन करून त्यावर सरकारी बोली ठरवणे, व्यापक जाहिरात देऊन फेरलिलाव. पाचवी मागणी बहुतेक अर्जांत नसते ती म्हणजे लिलाव जिंकणाऱ्याने भरलेले पैसे त्याला परत मिळावेत. त्याला प्रतिवादी केलेच पाहिजे, नाहीतर त्याचे म्हणणे ऐकलेच नाही या एका कारणावर चांगले प्रकरण उलटते. आणि पैसे परत मिळण्याची सोय मागणीतच असली, तर तो शेवटपर्यंत लढण्याऐवजी फेरलिलावात पुन्हा उतरायला तयार होण्याची शक्यता बरीच वाढते.